पिवडीचा श्रावण

इन्सुलिनच्या सुईचं लाल टोपण. खिशात रुमाल शोधताना बोटांना आधी ते लागलं, आणि मग पोस्टकार्डाची कड... तीन वर्षांत मऊ पडलेली. कार्डावर जुन्या मित्राचा, दिनानाथचा, पेणचा पत्ता होता, बाकी कोरं. दिनानाथनं लिहिलं होतं, ‘पुंड्या, साखर डोळ्यांत उतरली. गणपतीचे डोळे आखताना हात थांबतो. भीती वाटते रे. एकदा ये.’ एवढंच. एवढ्याला साजेसं उत्तर पुंडलिकरावांना सुचलं नव्हतं, शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला. ‘काळजी घे’ कोरडं वाटेल, धीर द्यावा तर आपण कोण धीर देणारे... आणि मग इतके दिवस गेले, की उत्तराआधी उशिराचाच खुलासा करावा लागला असता.

गाडी नागोठण्याला थांबली. मांडीवरच्या टोपलीत पिवडी मांजर हलली नाही. त्यांनी झाकण जरा उचललं. पोट भराभर वरखाली होत होतं, आणि श्वासाला तो वास, पिकून उतरलेल्या केळ्यासारखा. रोह्याच्या डॉक्टरांचे दिवस गाईम्हशींत जात. त्यांनी सकाळी तिला चाचपून सांगितलं होतं, माझा हात इथे संपला, पेणला वडखळच्या रस्त्यावर प्राण्यांचं मोठं इस्पितळ आहे, गुरुवारी तज्ज्ञ येतात, आजच जा. उद्या नको. ते ‘उद्या नको’ रोह्यापासून कानात बसलं होतं.

पिवडी दिनानाथच्याच गणपतीच्या कारखान्यातली. पिवळ्या रंगाच्या पोत्यात लोळून बाहेर आलेलं पिल्लू त्यांच्या बायकोनं, हौसानं, पदरात घेतलं आणि नाव तिथेच ठरलं. हौसा गेली. तिचा श्रावण मात्र घरात राहिला. पुंडलिकराव देवाला हात जोडायलासुद्धा बिचकत. पण श्रावणात त्या चुलीवर मासळी चढवायची म्हणजे... ती बघतेय असंच वाटे. मासळी घेऊन दारात येणारी सरू हसली होती, “मास्तर, मांजरीला कसला गो बाय श्रावण? तिनं काय उपास धरलाय?” तेही हसले होते, आणि आत जाऊन दूधभात कालवला होता. मधुमेहाच्या मांजरीला भात नको, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं असताना. पिवडीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. न खाल्ल्यावर सुई टोचायची नाही, हेही चिठ्ठीत होतं. ती ओळ मात्र त्यांनी तंतोतंत पाळली. चिठ्ठी पुढेही होती — दोन वेळा खाल्लं नाही तर लगेच घेऊन या. ते रोज वाचत होते आणि रोज म्हणत होते, उद्या खाईल.

पेण स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली. दिनानाथच्या गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या मूर्ती ओळीनं उन्हात ठेवल्या होत्या, डोळे अजून न आखलेल्या. पुंडलिकरावांनी टोपलीकडे मान घातली आणि रिक्षा पुढे जाईपर्यंत वर केली नाही.

डॉक्टर मृणाली त्यांच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी पिवडीच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्राकडे पाहिलं. मग विचारलं, काय खाते?

“मासे.”

“आणि इन्सुलिन? रोज?”

“रोज.”

त्यांनी ते लिहून घेतलं. खोटं निळ्या शाईत उमटताना पुंडलिकराव बघत राहिले... कागदावरचं खरं मानायचं, हेच तर मुलांना शिकवत आलो. डॉक्टर बाजूच्या माणसाला हळू आवाजात सांगत होत्या, रोज सुई असून साखर एवढी, म्हणजे औषध लागूच पडत नाहीये, डोस बराच वाढवावा लागेल. टेबलावर पिवडीचा एक पाय लोंबत होता. त्यांना वाटलं, आता बोललो तर ही मुलगी काय म्हणेल, आणि नाही बोललो तर... हात खिशातल्या कोऱ्या कार्डावर गेला.

“दूधभात घालत होतो,” ते म्हणाले. आवाज आपला वाटला नाही. “श्रावण म्हणून. तिनं खाल्लं नाही, म्हणून सुई दिली नाही. आठ दिवस.”

मृणालीबाईंचं पेन थांबलं. त्यांनी दोन ओळींवर रेघ मारली. “बरं झालं बोललात, आजोबा. आता औषध वेगळं देता येईल.”

“वाचेल?”

“उद्या सकाळपर्यंत मी काही सांगू शकत नाही.”

रिकामी टोपली हलकी नव्हती. पेणच्या पोस्टापाशी त्यांनी रिक्षा थांबवली. दिनानाथचा कारखाना इथून चालत दहा मिनिटांवर, आणि आपण त्याला पोस्टानं लिहितोय — हसू आलं नाही, पण येण्यासारखं होतं. आत जाऊन त्याच्या डोळ्यांकडे बघायचं बळ आज नव्हतं. उद्या पिवडीसाठी यायचंच होतं, ती असली तरी, नसली तरी. टोपलीचं झाकण मांडीवर घेऊन त्यांनी खिशातल्या त्या कार्डावर लिहिलं, ‘दिनू, पिवडी इस्पितळात आहे. मलाही भीती वाटते. उद्या येतो. पुंड्या.’ कार्डाआधी आपणच पोचणार, हे लिहिल्यावर ध्यानात आलं. तरी त्यांनी ते पेटीत सोडलं. आत खाली कुठेतरी ते पडल्याचा बारीक आवाज झाला. ते पेटीसमोर उभे राहिले, सवयीनं वाट बघत, आता एखादा शब्द बदलावासा वाटेल म्हणून... आणि वाटेना.