संमतिपत्राआधीच्या गप्पा

दोन धर्मांच्या माणसांनी ज्या गल्लीत एकमेकांची घरं पेटवली, त्या गल्लीवर तिचा एम.ए.चा प्रबंध होता. वीस वर्षं तिथं कुणी संशोधकाला दाद दिली नव्हती; हिच्यापुढे मात्र दोन्ही बाजूंचे बावीस जण घडाघडा बोलले. लोकांचा विश्वास कसा मिळवावा, यावर तिनं चक्क एक प्रकरण लिहून टाकलं. आपली पाठ आपणच थोपटायची म्हटल्यावर कोण अडवणार!

प्रकरण वाचून मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढला. "बाकीच्यांना हाकलून देणारी माणसं तुझ्याशीच का बोलली? सुरुवातीच्या गप्पा कुठायत?"

"त्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत, पण कागदावर उतरवल्या नाहीत, मॅडम. संमतिपत्र वाचून दाखवल्यानंतरचंच घेतलंय."

"मग आधीचं ऐक. महिनाभरात प्रबंध द्यायचाय."

भर दुपारी विभागाच्या वाचनखोलीत तिनं हेडफोन लावला. पहिल्याच मुलाखतीत शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणत होत्या, "आलीस? बस." तेव्हा तिला ते अगत्य वाटलं होतं. मग निवृत्त पोस्टमन: "वाळलीस गं. चेहरा मात्र तोच." पाचव्या मुलाखतीत दुसऱ्या बाजूची आजी रडत होती. "त्या दिवशी तू दार वाजवत होतीस, आम्ही कडी काढली नाही." नवव्या मुलाखतीत तेच दार. चौदाव्यातही. आणि दर वेळी ही बया पिशवीत फॉर्म शोधता शोधता, न ऐकताच "हो, हो" म्हणत होती.

बावीस जणांनी सही केली होती, पण बोलले होते ते भलत्याच कुणाशी. तसं असेल तर त्यातली एक ओळही वापरता येणार नव्हती. दोन वर्षं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं त्या बावीस जणांतल्या घड्याळवाल्या आजोबांचं घर गाठलं आणि बसायच्या आधीच रेकॉर्डर सुरू केला.

"आजोबा, मी विद्यापीठातली विद्यार्थिनी. या गल्लीत माझं कधीच कुणी नव्हतं. तुम्ही मला कोण समजताय?"

"तसं म्हणायचं असेल तर म्हण बाई," आजोबा म्हणाले. "एकेका दारावर थापा मारत गेलीस तू. आमच्या, त्यांच्याही. एकानंही उघडलं नाही. म्हणून तर तू आल्यावर सगळ्यांनी सगळं सांगितलं. आता एवढंच सांग, माफ केलंस का?"

आपण ती मुलगी नव्हेच, हे पुन्हा ठासून सांगायचं तर प्रबंधावर पाणी सोडायचं. शिवाय म्हातारा इतक्या आशेनं बघत होता, की तिला त्याची मनापासून दया आली. दयेच्या आडून लबाडी सोपी जाते.

"केलं," ती म्हणाली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. मागे सरकत भिंतीला टेकून त्यांनी हात जोडले. तिला काही कळेना. ती रेकॉर्डर उचलून निघाली.

बसथांब्यावर चांगलं ऊन होतं, माणसं होती. तिनं रेकॉर्डिंग लावलं. आजोबांचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला. त्यामागून तिचाच आवाज, अगदी तिचाच:

"नाही. अजून बाहेरच उभी आहे मी."