क्लच नसलेली जर्मन गाडी

मी बोलतेय. आवाज थोडा घोगरा वाटेल. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना मी अशीच गुरगुरते, मग जरा तापले की मऊ बोलते. बेंबळीत डांबरी रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड आहे, तिथं मी उभी असते. निळी, बुटकी, सहा सिलिंडरची जर्मन गाडी. गावात मला कुणी कंपनीच्या नावानं ओळखत नाही. 'श्रावस्तीची निळी' म्हणतात.

माझं इंजिन जर्मनीत घडलं आणि बाकीची मी चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळले. पुण्यातल्या पहिल्या मालकांनी मला फार जपलं. वेळेवर ऑईल, वेळेवर सर्व्हिस, पावसात बाहेर काढायचे नाहीत. वॉरंटी संपली आणि त्यांचं प्रेमही आटलं.

दुसरा मालक तरुण होता. त्याला माझा वेग हवा होता, माझी देखभाल नको होती. डॅशबोर्डवर बिघाडाचा पिवळा दिवा लागला की तो कुणाकडून तरी कॉम्प्युटर लावून दिवा तेवढा पुसून घ्यायचा. दिवा विझला की आजार बरा झाला, असं माणसांना का वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी त्यानं मला जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडं दिलं. तिथं मला घासूनपुसून चकाचक केलं, सीटवर अत्तरासारखं काहीतरी मारलं. माझ्या पोटातला पाण्याचा पंप अखेरच्या घटका मोजत होता, त्याची चौकशी कुणी केली नाही.

तिथं श्रावस्ती आली. ती धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडच्या माळावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करणारी इंजिनिअर. तिचे वडील नानासाहेब, मुलांचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते आणि शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्या केबिनमागच्या सीटवर बसून गावोगाव फिरलेली. बाकीची गिऱ्हाइकं आधी माझ्या आरशात स्वतःचे केस बघायची. श्रावस्ती जमिनीवर आडवी झाली आणि तिनं माझ्या पोटाखाली टॉर्च मारला. ऑईलचा पाझर तिला लगेच दिसला.

"एवढं मी करून घेईन," ती म्हणाली.

पण पंपाचा आजार बाहेरून दिसत नाही. तो तिलाही दिसला नाही.

मला विकत घेऊन ती गावाकडं निघाली आणि बार्शी यायच्या आतच मी तापले. तांबडा दिवा लागताच तिनं मला कडेच्या एका बाभळीखाली घेऊन इंजिन बंद केलं. तशीच पुढं रेटली असती तर माझं आयुष्य त्या बाभळीखाली संपलं असतं. उरलेला रस्ता मी क्रेनच्या गाडीवर चढून आले. निम्मं गाव बघायला जमलं. दारात बाजेवर नानासाहेब बसले होते.

"गाडी सोताच्या चाकांवर येती," ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी तोंड घराकडं फिरवलं.

त्यांच्या तोंड फिरवण्याचं कारण मला नंतर समजलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात सुधारला, पण डाव्या पायात क्लच दाबण्याएवढी ताकद राहिली नाही. दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसणं त्यांना सोसेना. समोर ब्रेक नसायचा, तरी त्यांचा उजवा पाय फरशी दाबत राहायचा. मग त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. दवाखान्यात जायचं म्हटलं तरी टाळायचे. दिवसभर बाजेवर, रस्त्याकडं पाठ करून बसायचे.

"एवढी शिकलीस आन् हे डबडं घरी आणलंस?" श्रावस्तीची आई भिमाबाई म्हणाली.

थोरला भाऊ प्रेमानंद धाराशिवला शिक्षक. त्यानंही समजावलं, "श्रावस्ती, इकून टाक. नवी, साधी गाडी घे. अण्णांना दवाखान्यात न्यायला भरवशाची गाडी पायजे." त्याचं काही चुकत नव्हतं.

"आधी नीट तर करते दादा. मग बघू," ती म्हणाली.

पुण्याहून नवा पंप आला. जवळपासच्या गॅरेजवाल्यांना जर्मन गाडीला हात लावायची भीती, म्हणून रविवारी श्रावस्ती स्वतःच माझ्याखाली शिरली. अणदूरचा गुंडप्पा मिस्त्री ट्रकची कामं करतो. तो जॅक आणि जाड ठोकळे देऊन गेला आणि लांबूनच म्हणाला, "ताई, ठोकळं लावल्याबिगर खाली जाऊ नका."

नट सुटल्याचे, पाना घसरल्याचे आवाज होत राहिले. दुपारी बाज करकरली. नानासाहेबांनी ती ओढून माझ्याकडं फिरवली होती.

"किती शिलिंडर?"

"सहा. एका रांगेत." श्रावस्ती खालूनच बोलली.

"आन् ताकद कोणत्या चाकाला?"

"मागच्या."

"आमच्या यष्टीगत हाय मग," ते म्हणाले आणि बराच वेळ माझ्या उघड्या बॉनेटकडं बघत राहिले.

पुढच्या रविवारी पंप बसला. आता माझ्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्यासाठी चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा लागतो. मग पंप आपोआप फिरतो आणि हवा बाहेर पडते. श्रावस्तीला पुढं उभं राहून पाण्याची पातळी बघायची होती. भिमाबाई बाजारला गेली होती.

"अण्णा, जरा आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय दाबता का? उजवाच लागतोय."

नानासाहेब काठी टेकत आले. माझी सीट खाली असल्यानं त्यांना बसताना कष्ट पडले. बसल्यावर मात्र त्यांनी आधी डाव्या बाजूचा आरसा बघितला, मग उजव्या, मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. इतके दिवस माझं स्टिअरिंग कितीतरी हातांनी धरलं होतं. पण एवढ्या हलक्या आणि एवढ्या ठाम हातांनी कुणी धरलेलं मला आठवत नाही.

त्यांनी पाय दाबला. पंप घुमू लागला. मग ते खाली वाकून बघायला लागले.

"श्रावस्ती, क्लच कुठंय?"

"हिला क्लच न्हाय अण्णा. गिअर आपोआप पडतात."

"मग डावा पाय?"

"डाव्या पायाला काहीच काम न्हाय."

पंप थांबला, पातळी बघून झाली, श्रावस्तीनं बॉनेट लावलं, तरी ते उतरले नाहीत. तिनंही उतरा म्हटलं नाही. ती हात धुवायला गेली आणि उगाच वेळ लावून आली.

यातलं प्रेमानंदला काही ठाऊक नव्हतं. त्यानं बहिणीच्या काळजीपोटी गिऱ्हाईक शोधलं होतं. दोन दिवसांनी सकाळीच तो सुरज नावाच्या एका तरुणाला घेऊन आला. सुरजनं मला सुरू केलं, जागेवरच रेस करून बघितलं आणि म्हणाला, "सायलेन्सर बदलला की लई भारी वाजंल." श्रावस्तीनं बाजेकडं बघितलं. नानासाहेब मान खाली घालून बसले होते. मुलीनं घेतलेली गाडी. 'ठेव' कसं म्हणणार? आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं नव्हतं.

तेवढ्यात भिमाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं पाहुण्याला आधी चहा दिला.

"च्या घ्या. गाडी इकायची न्हाय."

"आई, तूच तर डबडं म्हणालीस," प्रेमानंद म्हणाला.

"म्हणाले. पर कालपासून ह्यांनी पेटीतून ड्युटीचा खाकी शर्ट काढून उनात टाकलाय. आज सकाळी न सांगता दाढी केली. दोन वर्सांत पहिल्यांदा." ती नवऱ्याकडं न बघता बोलत होती. "ही गाडी गेली तर तो शर्ट परत पेटीत जाईल."

प्रेमानंदनं बापाकडं पाहिलं. मग तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, पण आधी डॉक्टरला इचारायचं."

"इचारू की," नानासाहेब म्हणाले. दवाखान्याला त्यांनी स्वतःहून होकार दिला होता.

डॉक्टरांनी डोळे, हात, उजवा पाय, सगळं तपासलं. मोकळ्या मैदानावर सराव करा, मग पुन्हा या, म्हणाले. गावाबाहेरच्या पटांगणात श्रावस्ती शेजारी बसली आणि वडील गाडी चालवू लागले. पहिल्या दिवशी क्लच शोधत त्यांचा डावा पाय हवेत उचलला जायचा. हळूहळू तो आपल्या जागी निवांत राहायला शिकला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून दाखला दिला, लायसनही नवं झालं.

आता मी फार नवी नाही. माझ्याखाली अजून पुठ्ठा टाकलेला असतो, त्यावर अधूनमधून ऑईलचा एखादा थेंब पडतो. गावातल्या गतिरोधकांवर माझं पोट घासू नये म्हणून नानासाहेब मला तिरकी करून काढतात. श्रावस्ती काही सुट्टे भाग आधीच आणून ठेवते. माझ्यासारखीला घरात आणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: रंग बघण्याआधी पोटाखाली वाका, आणि दिवा लागला तर तो पुसू नका, मला काय होतंय ते विचारा.

गेल्या आठवड्यात आम्ही अणदूरला निघालो. भिमाबाईची बहीण उमाबाई तिथं असते. श्रावस्ती कामावर होती, गाडीत दोघंच. नानासाहेबांच्या अंगात खाकी शर्ट. एवढी वर्षं ते एसटी चालवत असताना भिमाबाई मागं, प्रवाशांत बसायची. आज पहिल्यांदाच शेजारी बसली होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं. नानासाहेब एसटीच्या शिस्तीनं एकाच संथ वेगात चालले होते.

भिमाबाई खिडकीकडं बघतच म्हणाली, "अवो, जरा दाबा की."

नानासाहेबांनी आरशात बघितलं. मागं कुणी नव्हतं. पुढचा रस्ता मोकळा होता. त्यांनी दाबलं.