अध्यक्षांच्या मांगचं घर

आमच्या देऊळघाटच्या नाट्यमंडळात फोटोवाला येते तो फक्त सत्कारासाठी. नाटक संपलं, पाहुने स्टेजवर चढले, शाल-नारळ झालं, की काढला फोटो. नुसत्या सेटचा फोटो काढायचं आजवर कोनाच्या बापाच्या डोक्यात आलं नाई. माह्याही नाई. तेच मले भोवलं.

देऊळगाव राजाजवळ एका मालिकेचं शूटिंग होनार होतं. सेट करायले सहायक पाह्यजे, असं कानावर आलं. अकरा वर्षं झाले मी सेट उभे करतो, पन पोटासाठी बुलढान्यात लोकायचे दरवाजे रंगवतो. हे काम भेटलं असतं तं दरवाजे सुटले असते. म्हून मंडळाच्या फोटोयचा अल्बम काखेत मारून मालिकावाले उतरले होते त्या लॉजवर पोचलो.

हॉलमध्ये भार्गवी मॅडम बसल्या होत्या. पुन्याच्या. मालिकेतले सारे घरंदारं त्याच ठरवनार. मले बस म्हनल्या नाई. अल्बम उघडला.

"हे कोण?"

"उकंडराव. आमचे अध्यक्ष."

पान पलटलं. "आणि हे?"

"तेच."

"अहो, मी इथे अध्यक्ष शोधायला आलेय का? तुमचं काम कुठंय?"

"त्यायच्या मांगं आहे."

बाजूचे दोघं फिसकन हसले. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. उकंडराव म्हंजे ऐसपैस मानूस, शाल पांघरली की अर्धा सेट झाकते मेला!

शेवटच्या फोटोवर मॅडम थांबल्या. त्यात उकंडराव पडलेला नारळ उचलायले वाकले होते, म्हून मांगचं सैपाकघर पुरं दिसत होतं. धुरानं काळी भिंत, फडताळ, चुलीवरच्या भिंतीचा निघालेला पोपडा.

"हा कुणाच्या तरी घरातला फोटो आहे. सेट म्हणून खपवताय?"

"सेटच आहे जी. बुलढान्याच्या स्पर्धेत..."

"मला शिकवू नका. पंधरा वर्षं हेच करतेय. असा पोपडा रंगवून येत नाही."

तीन दिवस बसून केला होता तो पोपडा. पोतं, खळ अन् चुलीतली राख. सांगायले तोंड उघडलं तं त्यायनं हात वर केला.

"खोटारडी माणसं मला नकोत. या तुम्ही." अल्बम माह्याकडं लोटला, अन् लगेच वढून घेतला. "थांबा. हे घर मात्र हवंय. महिनाभर अगदी हेच शोधतोय आम्ही. मालक कोण? फोन लावा त्याला."

मी फोन कानाले लावला. लावला कोनालेच नाई. त्या घराच्या फळ्या उकंडरावनं कवाच्याच बंबात जाळल्या होत्या. सांगितलं असतं, 'मॅडम, चार दिवसांत उभं करून देतो,' तं काम भेटलंही असतं. मले पाह्यजे होतं ते काम, लय पाह्यजे होतं. पन खोटारडा म्हनली ते घशाखाली उतरेना.

"मालक नाई म्हनते," मी म्हनलं.

"का? भाडं देऊ म्हणावं."

"तुमच्यासारख्याले घरात घेत नाई म्हनते."

अल्बम हिसकला अन् स्टँडवर आलो. गाडीत खिडकीकडं तोंड करून रडलो. सकाळी वकिलाच्या दरवाज्याले रंगाचा दुसरा हात मारायचा होता.