दुसरी सही

"दोन मिली. बरोबर?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "बरोबर."

हृदयाचं इंजेक्शन देण्याआधी एकीने बाटलीवरची अक्षरं वाचायची, दुसरीने ती कागदाशी ताडून बघायची, मग दोघींनी सह्या करायच्या, असा वॉर्डाचा नियम. जोडीची सिस्टर दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेली. तेव्हापासून दोन्ही कामं मोठ्या सिस्टरच करत. दुसऱ्या सहीच्या जागी त्या आपलीच सही जरा तिरकी करत. मेट्रनबाईंनीच तसं सुचवलं होतं.

आज सकाळी वरच्या सभागृहात व्याख्यान झालं. पाहुण्यांनी रबरी चेंडू मुठीत दाबला, सोडला. चेंडू पुन्हा गोल. "याला म्हणतात चिवटपणा," पाहुणे म्हणाले. मेट्रनबाईंनी लगेच मोठ्या सिस्टरांकडे बोट दाखवलं. टाळ्या पडल्या, तेव्हा सिस्टर बसल्या जागी पेंगत होत्या.

"सिस्टर," खाटेवरचे आजोबा म्हणाले, "आमच्या हिच्यासारखं झालं तुमचं. प्रश्नही तिचा, उत्तरही तिचंच."

"हात द्या, आजोबा."

आजोबांनी हात दिला नाही. "आज तुम्ही बाटलीकडे बघितलंच नाही. नुसता कागद बघून दोन्ही बोललात."

सिस्टरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. झाकण त्याच रंगाचं, औषधही तेच, पण दहापट कडक.

भरलेली सुई त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. हात अजिबात कापत नव्हता. त्याचीच त्यांना भीती वाटली.

निरोप मिळताच मेट्रनबाई आल्या. "काय झालं?"

"झालं नाही. होणार होतं. जोडीला माणूस मिळेपर्यंत मी इंजेक्शन देणार नाही."

"अहो, दोन महिने निभावलंत की. तुमच्यासारखी चिवट बाई…"

"मला चिवट म्हणू नका, बाई. माणूस द्या."

मेट्रनबाईंनी चष्मा चढवून बाटली वाचली. मग पुन्हा वाचली. खाटेच्या कडेला हळूच टेकल्या.

"शेजारच्या वॉर्डात कोण आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"नवी मुलगी. एकटीच आहे. पण तीही अगदी…" पुढचा शब्द मेट्रनबाईंनी गिळला.

भिंतीपलीकडे इंजेक्शनची काच फोडल्याचा बारीक आवाज आला.

सिस्टर दाराकडे धावल्या. आजोबांनी आपले दोन्ही हात पांघरुणाखाली ओढून घेतले.