वनाची माळ

भर मांडवात मी धाकट्या भावाचं तोंड हुंगलं होतं. सांगायचं तर तिथूनच सांगावं लागेल.

मी शालिग्राम. तीस वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात फोरमन होतो, हुकूम सोडायची सवय. निवृत्त होऊन सोनगीरजवळच्या आमच्या गावी आलो आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं, दीपमालाचं लग्न काढलं. वऱ्हाडाला पाणी द्यायला धाकटा वना उठला, पाय फाकवून दोन पावलं चालला, झोकांडला आणि तांब्यासकट व्याह्यांच्या मांडीवर कोसळला. माझं डोकंच फिरलं! सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली नि तोंड हुंगलं. बडीशेपेचा वास होता, दुसरा कसलाच नाही. पण व्याही बघत होते ना! मग मी म्हणालो, "बघा, वास लपवायला बडीशेप खाल्ली हरामखोरानं."

आठ दिवसांनी देवळात गाव जमवून त्याच्या गळ्यात माळ घातली. दारू बंद, मटणही बंद.

"मी पेत नही, भाऊ," तो एकदाच म्हणाला.

"गप!" मी म्हणालो. तेव्हापासून मटणाच्या पंगतीत वना कोपऱ्यात एकटा वरणभात खायचा आणि लोक माझं कौतुक करायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्याचं चालणं मात्र बिघडतच गेलं. परवा गावच्या उपकेंद्रात तपासणी होती. तिथल्या आरोग्य अधिकारी प्राचीताईंनी वनाच्या डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवला, कमरेला नि घोट्यांना चाल मोजणारे पट्टे बांधले. चष्म्यात त्याला गर्दीचा बाजार दिसत होता. चालत मात्र होता तो उपकेंद्राच्या फरशीवर, आणि पुण्याच्या डॉक्टरबाई पडद्यावरून त्याचं एकेक पाऊल बघत होत्या. चष्म्यातला माणूस चुकवायला वळला की वना कलंडायचा, प्राचीताई धरायच्या.

"सरका ना भाऊ, सरका," तो रिकाम्या खोलीला सांगत होता. रांगेतल्या बाया हसल्या. मला हसू येईना. मांडवात पडली होती तीच फाकलेली पावलं पुन्हा माझ्यासमोर पडत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोल सांभाळणारा मेंदूचा भाग दुखावलेला दिसतोय. बरीच वर्षं दारू पिऊनही असं होतं, दुसऱ्या कारणांनीही होतं. कारण चुकलं तर उपचार चुकतील. खरं सांगा, पीत होतात?"

वनानं चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं.

"पीत होतो, म्याडम. भाऊनी सोडाडी."

अरे देवा! माझा शब्द खाली पडू नये म्हणून हा वेडा स्वतःचा उपचार घालवायला निघाला होता. रांगेतून पुष्पाबाईंनी मान डोलावली, "खरं शे. शालिग्रामनानांनीच माळ घातली, बठ्ठ्या गावासमोर." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. प्राचीताईंनी लिहायला पेन टेकवलं.

"लिहू नका!" मी ओरडलो. "त्यानं जन्मात थेंब घेतला नाही. वास नव्हता त्याच्या तोंडाला. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी खोटं बोललो."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि माझ्यावरची नजर काढून घेतली. डॉक्टरबाईंनी शांतपणे रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा फोटो सांगितला, सोमवारी धुळ्याला.

घरी जाताना वनानं माझा खांदा धरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच धरला.

"भाऊ."

"बोल."

"मंग आते माळ उतारू का? कोकिळा पोरेसाठे रस्सा करस. वास येस तं तोंडले पाणी सुटस."

कोकिळा म्हणजे त्याची बायको. भर रस्त्यात त्यानं माझ्यापुढे मान वाकवली. मी घातलेली माळ, म्हणून परवानगीही तो माझीच मागत होता. माझे हात काही मला वर उचलवेनात.