रूपाबाईची गोल्फची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. हिरव्यागार मैदानात इवलासा पांढरा चेंडू मारत मारत दूरच्या खळग्यात घालवायचा, असा हा खेळ. चेंडू मारायचं काम माझं. माझा दांडा पोलादी, डोकं लोखंडी आणि मूठ चामड्याची. पंजाबातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला खोक्यात ठेवण्याआधी कारागिराने माझ्या चकचकीत डोक्यात पाहून स्वतःच्या मिश्या सारख्या केल्या होत्या.

पुण्याच्या एका साहेबांनी मला विकत घेतलं. सुरुवातीला फार लाड झाले. मग एका सकाळी त्यांचा नेम तीनदा चुकला आणि त्यांनी मला गरगर फिरवून मैदानातल्या तळ्यात भिरकावलं. चुकले होते त्यांचे हात, बुडाले मी.

तीन दिवसांनी शेवाळ काढायला एक बाई तळ्यात उतरली. तीच रूपाबाई. हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरून ती नवऱ्यासोबत पुण्याला आली होती. मैदानाचं गवत राखायचं काम दोघं करत. मी तिच्या पायाला लागले. तिने मला पदराने पुसलं आणि साहेबांकडे नेलं. मान वर न करताच ते म्हणाले, "राहू दे तुलाच."

मित्रांनो, त्यानंतरची अठरा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं! दुपारची भाकरी खाल्ली की रूपाबाई मैदानामागच्या पडीक तुकड्यात जायची आणि गवतात सापडलेला एखादा चेंडू मारायची. पहिल्या पहिल्यांदा चेंडू जागीच राहायचा आणि ढेकूळ उडायचं.

"अगं, खेळून राहिलीस का नांगरून राहिलीस?" तिचा नवरा पुनमचंद हसायचा.

हळूहळू हात बसला. चेंडू उंच गेला की ती कपाळाशी हात धरून पाहत राहायची. त्या दुपारी आठवल्या की आजही माझ्या दांड्यात झिणझिण्या येतात.

पुढे पुनमचंद वारला. रूपाबाई मला घेऊन तांड्यावर परतली. त्याच सुमारास हिंगोलीच्या शिवशंकरशेठनी धरणाच्या पाण्याकाठी छोटं गोल्फचं मैदान केलं. रूपाबाईला आणि तांड्यावरच्या अकरा बायांना तिथे काम मिळालं. पण खेळायला कुणी येईना. हिरवळ, मोकळी हवा, गरम जेवण, असे मोठमोठे बोर्ड रस्त्यावर लागले. लोक वाचत आणि पुढे जात.

"दिवाळीपर्यंत बघतो," शेठ म्हणाले. "न्हाई जमलं तर बंद."

त्यांनी नांदेडहून जाहिराती करणारा विजयकुमार बोलावला. तो म्हणाला, "लोकांना नुसतं मैदान नको असतं, त्यामागची गोष्ट पाहिजे असते." तेवढ्यात त्याला रूपाबाईच्या हातात मी दिसले. त्याचे डोळे चमकले. "ही काठी एका नवाबाची. शंभर वर्षांपूर्वी तो इथे खेळायचा. काठी नदीच्या गाळात सापडली. रूपाबाई, कॅमेऱ्यापुढे एवढंच सांगा."

खरं सांगते, क्षणभर मलाही गुदगुल्या झाल्या. फेकून दिलेल्या काठीला चक्क नवाबाचं घराणं मिळत होतं!

कॅमेरा सुरू झाला. मागे अकरा बाया उभ्या होत्या. रूपाबाईच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीला लागला.

"ही काठी एका नवाबाची..." ती बोलू लागली आणि थांबली. "न्हाई साहेब. माझ्यानं व्हत न्हाई."

"बाई, सगळ्यांचं काम जाईल," शेठ म्हणाले.

"व्हय, मलाबी त्याचंच भ्याव हाय. पण उद्या लोक येतील, नवाबाचं नाव इचारतील. रोज नवं खोटं कुठून आणू? ही तळ्यात पडली व्हती, मी काढली. अठरा वर्षं लेकरागत गवत राखलं, पण तू बी खेळ म्हणून कुणी म्हणलं न्हाई. मंग मी आपली आपणच खेळले."

एवढं बोलून तिने चेंडू ठेवला आणि मला फिरवलं. चेंडू समोरच्या बाभळीवरून पार गेला. बायांनी एकच गलका केला. विजयकुमारने कॅमेरा बंद केलाच नव्हता. तो हळूच म्हणाला, "शेठ, हेच दाखवू."

ती चित्रफीत हट्टा, वसमत, हिंगोली असं करत फोनाफोनांतून फिरली. तरी पहिल्या रविवारी एकच जोडपं आलं, हट्ट्याचे कोंडीबा गुरुजी आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई. साठीच्या कौशल्याबाईंनी बिचकत विचारलं, "मला जमंल का हो?" रूपाबाईने मला त्यांच्या हातात दिलं. चेंडू जेमतेम दोन हात गेला आणि कौशल्याबाई हसता हसता गवतातच बसल्या. पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या. दिवाळी झाली, मैदान चालूच राहिलं.

आता रूपाबाईचा खांदा वर होत नाही. तिची लेक निता नव्या काठ्यांनी लोकांना शिकवते. मी शेडच्या कोपऱ्यात उभी असते. माझी मूठ उसवली आहे, डोक्यावर गंज चढला आहे. नव्या काठ्यांचा मला हेवा वाटत नाही. फक्त कुणी हातात घ्यावं, असं मधूनच वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू अडगळीत पडली असेल. तिला पुसा, तेलाचं बोट लावा. तिला मोठ्या घराण्याचं खोटं नाव देऊ नका. ज्यांनी ती वापरली त्यांच्याजवळ बसा आणि तिची खरी हकिगत विचारा. सांगणारं माणूस समोर आहे, तोवरच विचारा.