बायनाबाईच्या रक्ताला सासर मानवेना

गहिनीनाथाला आपल्या घराण्याच्या रक्ताचा भारी अभिमान. नेकनूरच्या बाजारात कुणी त्याला चहा पाजला, की कप खाली ठेवायच्या आत रक्ताचा विषय निघालाच म्हणून समजा. आजा विहिरीत पडला, पाय मोडला, तरी स्वतःच वर चढून आला. का, तर रक्त. चुलत्यानं अंगात ताप असताना जत्रेतली कुस्ती मारली. का, तर रक्त. आता त्याच रक्ताचा एक भाऊ दहावीला चारदा आपटला, त्याचं काय, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. माणूस तसा वाईट नव्हता हो. पण तोंड असं, की आधी बोलून मोकळं व्हायचं आणि मग डोक्याला कळवायचं. आणि डोक्याला कळलं तरी चुकलो म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती.

अशा माणसाची बायको, बायनाबाई, एका शेळीपायी पडली. सून विजयमालानं अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांत शेळी शिरली. बायनाबाई काठी घेऊन धावली, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेळीनं मात्र कुरडया निवांत संपवल्या.

बीडच्या दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि सांगितलं, आत सळई घालावी लागेल, तीही लवकर. खुबा मोडून माणूस अंथरुणाला खिळलं की छाती भरते, पाठ सोलवटते, मग ते उठेलच याचा भरवसा नाही. पण बाईंच्या अंगात रक्त फार कमी आहे. रक्ताची पिशवी हाताशी असल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही.

गहिनीनाथानं हे ऐकलं. बायना उठली नाही तर काय, हा विचार त्याला सहनच होईना. पस्तीस वर्षं त्यानं तिला एक पेला पाणी भरून दिलं नव्हतं, तरी तिच्याशिवाय त्याला स्वतःचं बनियन सापडत नव्हतं. पण भीती दिसू देईल तो गहिनीनाथ कसला. रक्तच पाहिजे ना, म्हणाला, आणि फोन काढला.

दुपारपर्यंत भावकीच्या दोन जीपा रक्तपेढीच्या दारात येऊन लागल्या. सगळ्यांच्या बाह्या आधीच वर. पहिला मान कुणाचा, यावरून चुलत भावांत थोडी बोलाचाली झाली. शेवटी रामप्रसाद पैलवान पुढं झाला, कारण त्याच्या दंडापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. रक्तपेढीच्या डॉक्टर पौर्णिमाबाई तरण्या, पण आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी सांगितलं की आधी प्रत्येकाचा थोडा थोडा नमुना घेऊ, बायनाबाईंच्या रक्ताशी जुळतो का बघू, मग पिशवी. गहिनीनाथ म्हणाला, जुळायचं काय त्यात, घरचंच तर आहे.

एकाचंही जुळलं नाही. पैलवानाचं नाही, चुलत भावांचं नाही. ज्यांचा रक्तगट तोच, त्यांचंही जुळेना. आणि थोरला मुलगा बजरंग, तिच्या पोटचा, त्याचंही नाही. मग मात्र गहिनीनाथाचं डोकं फिरलं. मशीन बिघडलंय, बाटल्यांची अदलाबदल झालीय, आमच्या घराण्याला बट्टा लावायचं हे कुणाचं तरी राजकारण आहे, असं तो तिथंच सुनावू लागला. पौर्णिमाबाईंनी त्याला बोलू दिलं. दम लागून थांबला तेव्हा त्याला आत नेलं आणि काचेच्या दोन नळ्या त्याच्या डोळ्यांपुढं धरून हलवल्या. एकीतलं रक्त सरबतासारखं सरळ पसरलं. दुसरीत मात्र दाणे दाणे झाले, दूध फाटल्यावर होतात तसे.

दुसऱ्या नळीत बायनाबाईंच्या रक्तातलं पाणी आणि बजरंगाचं रक्त आहे, असं त्यांनी सांगितलं. मग समजावलं, की रक्ताच्या पेशींवर बारीक बारीक खुणा असतात. ए, बी, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह एवढ्याच नाहीत, आणखी पुष्कळ. तुमच्या घराण्यात अशा एक-दोन खुणा आहेत, ज्या बायनाबाईंच्या रक्तात नाहीत. बाळंतपणात पोरांचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. पोरांच्या रक्तावर बापाची खूण. आईच्या रक्तानं ती बघितली, हे आपलं नाही म्हणून ओळखलं आणि त्याविरुद्ध पहारेकरी तयार करून ठेवले. त्यांनाच अँटिबॉडी म्हणतात. आता तुमच्याकडचं रक्त आत गेलं, की हे पहारेकरी त्यावर तुटून पडतील. बायनाबाईंच्या जिवावर बेतेल.

गहिनीनाथ त्या नळीकडं बघतच राहिला. "म्हंजी," तो म्हणाला, "हिच्या अंगात आमच्याच खानदानाविरुद्ध पहारा हाय?"

पौर्णिमाबाई म्हणाल्या, तसंच समजा.

तो तरातरा वॉर्डात गेला. बायनाबाई पाय बांधून पडली होती. शेजारच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती, तिनं कान टवकारले. गहिनीनाथानं कमरेवर हात ठेवून विचारलं, की इतकी वर्षं माझ्या घरात राहून, माझं खाऊन, माझ्याविरुद्ध रक्तात हे काय साठवून ठेवलंस?

बायनाबाईनं दुखण्यातही शांतपणे उत्तर दिलं. "अवो, तोंडानं बोलायची सोय न्हवती. मंग कुठं ठिवावं?"

संत्रंवालीला ठसका लागला. गहिनीनाथ तसाच बाहेर आला.

पौर्णिमाबाईंनी आपल्या साठ्यात शोधलं होतं, संभाजीनगरलाही विचारलं होतं. असं रक्त शेकड्यात थोड्यांचं, मिळेल पण दिवस लागतील. आणि दिवस तर नव्हते. बाईंना सख्खा भाऊ किंवा बहीण आहे का, त्यांनी विचारलं. जुळेलच असं नाही, पण जुळायची सगळ्यांत जास्त आशा तिथंच. बजरंगानं बापाकडं बघितलं. बापानं भिंतीकडं.

भाऊ होता. पाठचा. आश्रुबा, गेवराईकडं शेती करून होता. आणि बारा वर्षं या दोन घरांत बोलणं नव्हतं, ते का, तर एका टॉवेलापायी.

आता आपल्याकडं आहेराच्या टॉवेलाची रीत सगळ्यांना माहीत आहे. टॉवेल-टोपीतल्या टॉवेलानं बीड जिल्ह्यात कुणी कधी अंग पुसलं असेल, तर त्यानं हात वर करावा. तो घडीचा टॉवेल एका लग्नातून पेटीत जातो आणि पेटीतून दुसऱ्या लग्नात. सगळे देतात, सगळे घेतात, घडी मोडून कुणी बघत नाही. बजरंगाच्या लग्नात गहिनीनाथानं बघितलं. आश्रुबानं भर मांडवात त्याच्या खांद्यावर टाकलेल्या टॉवेलाच्या कोपऱ्यात दुकानदाराची निळी शाई होती, आणि ती त्यानं ओळखली. तो टॉवेल त्यानंच आश्रुबाला घरभरणीला दिला होता. दुसरा कुणी असता तर गालात हसला असता. यानं माईक घेतला. हा टॉवेल मपलाच हाय, म्हणाला, दिलेलं परत देणारं रक्तच हलकं असतंय. आश्रुबा आणि त्याची बायको भिवराबाई पानावरून उठले. पानात बुंदी तशीच राहिली. उपाशी पोटी ते दोघं गेवराईला गेले, ते परत कधी आले नाहीत. बायनाबाई भावाशी फोनवर बोलायची, पण गोठ्यात उभी राहून.

त्याच हलक्या रक्ताची पिशवी आता पाहिजे होती.

बजरंगानं गाडी काढली. बीडपासून गेवराईपर्यंत गहिनीनाथ तोंडातल्या तोंडात भाषण जुळवत होता. तीनदा जुळवलं आणि तिन्ही वेळा शेवटी चूक आश्रुबाचीच निघाली. बजरंग म्हणाला, आबा, नुसतं आई पडली म्हणा की. गहिनीनाथ म्हणाला, तू गाडी चालव.

आश्रुबा घराशेजारी कडबा कुट्टीच्या मशीनवर उभा होता. मशीनचा असा आवाज, की स्वतःचा स्वतःला ऐकू येईना. गहिनीनाथानं समोर जाऊन भाषण सुरू केलं. आश्रुबाला त्याचे नुसते ओठ दिसले. गहिनीनाथानं आवाज चढवला, मग आणखी चढवला, आणि भाषण बिषण सगळं विसरून बेंबीच्या देठापासून ओरडला. नेमकं त्याच क्षणी आश्रुबानं मशीन बंद केलं.

"मला तुझं रक्त पायजे!"

सगळ्या आळीनं ऐकलं. समोरच्या घरातला म्हातारा बाज सोडून उठून उभा राहिला. भिवराबाई विळा हातात घेऊनच बाहेर आली. बजरंग मध्ये पडला नसता, तर तिथं काय झालं असतं सांगता येत नाही. आई पडली, मामा, म्हणून त्यानं सगळं सांगितलं. आश्रुबानं पुढचं काही विचारलं नाही. अंगावरचा भुसा तसाच, चपलेत पाय घातले आणि गाडीकडं निघाला.

पण दारात भिवराबाई आडवी आली. नणंदेसाठी जीव तिचाही तुटत होता, डोळे भरले होते, पण मान म्हणजे मान. ज्या रक्ताला मांडवात माईकवरून हलकं म्हटलं, ते फुकट जाणार नाही, असं तिनं सांगितलं. नेणाऱ्यानं टॉवेल-टोपी करून न्यावं.

गहिनीनाथाला राग आला, आणि त्याच वेळी बांधलेल्या पायाची बायना डोळ्यांपुढं आली. राग तिथंच बसला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली आणि आश्रुबाच्या डोक्यावर ठेवली. खांद्यावरचा घडीचा टॉवेल काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. भिवराबाईनं पुढं होऊन त्या टॉवेलाचा कोपरा उलटून बघितला. कोपऱ्यात हिरवी शाई.

"पाव्हणं, ह्यो कुणाचा?"

गहिनीनाथानं बराच वेळ घसा खाकरला. "मांजरसुंब्याच्या एका लग्नातला."

"म्हंजी फिरता."

"फिरता," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. हसली का रडली, ते कळलं नाही. मग म्हणाली, आधी दोन घास खा, तुमच्या दारातून आमी उपाशी आलतो, पर आमच्या दारातून कुणी उपाशी जात न्हाई. भाकरी आणि वांग्याचं कालवण गहिनीनाथानं खाली मान घालून खाल्लं. लई चवीचं होतं, पण तसं सांगायला त्याचं तोंड उघडेना.

रक्तपेढीत नमुना आत गेला आणि गहिनीनाथाला एका जागी बसवेना. हे पण नाही जुळलं तर? दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला, तेव्हा आतल्या मुलीनं पडदा ओढला. शेवटी पौर्णिमाबाई नळी घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर हलवली. रक्त सरळ पसरलं, एकसुद्धा दाणा नाही.

आश्रुबानं डोक्यावरची टोपी आणि खांद्यावरचा टॉवेल तसाच ठेवून रक्त दिलं. नर्सनं काढायला सांगितलं तर म्हणाला, बारा वर्सांनी मिळालंय, राहू द्या. नळीतून रक्त पिशवीत उतरत होतं. गहिनीनाथ टक लावून बघत होता. ते हलकं दिसत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. बायनाबाईला रक्त चढलं आणि मानवलं. सगळे चहाला गेले, पण गहिनीनाथाच्या मनातून एक गोष्ट जाईना. तो गुपचूप पौर्णिमाबाईंकडं गेला. बायकोच्या रक्तात माझ्याविरुद्ध निघालं, म्हणाला, तर माझ्याही रक्तात तिच्या माहेराविरुद्ध काहीतरी असणारच, तेही बघून टाका. पौर्णिमाबाई म्हणाल्या, काका, तसं नसतं. तो म्हणाला, असणारच, बारा वर्षं राग धरलाय, काय थोडाथोडका नाही. हा माणूस हलत नाही हे बघून त्यांनी नमुना घेतला.

दुसऱ्या दिवशी तो निकाल विचारायला गेला.

"काही नाही, काका," पौर्णिमाबाई म्हणाल्या.

"कायच न्हाई? नीट बघितलं का?"

"दोनदा बघितलं. तुमच्या रक्तात कुणाविरुद्ध काहीच नाही. येणार कुठून? तुम्हाला कधी रक्त चढवलेलं नाही, आणि बाळंतपणं काही तुम्ही केली नाहीत. ज्यांनी सोसलं, त्यांच्याच रक्तात उतरलं."

गहिनीनाथ बाहेरच्या बाकावर येऊन बसला. जन्मभर घरातल्या रक्ताच्या गोष्टी सांगितल्या, त्यांतली एकही बायनाची नव्हती, हे त्याला आज कळलं. त्याला लाज वाटली. मग उठला, बेसिनवर तोंड धुतलं आणि वॉर्डात गेला.

आश्रुबा बहिणीला चमच्यानं पेज भरवत होता. टॉवेल अजून खांद्यावरच. गहिनीनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. तोंडावरून पाणी निथळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आश्रुबा," तो म्हणाला, "मी तपासून घेतलं. माझ्या रक्तात तुझ्याविरुद्ध कायबी न्हाई."

बायनाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षांत हा माणूस असा तिच्यासमोर कधी उभा राहिला नव्हता. तिनं भावाला हातातला चमचा खाली ठेवायला लावला.

आश्रुबानं विचारलं, "मंग दाजी, बारा वर्सं राग कुठून आणीत व्हता?"

"तोंडातून," गहिनीनाथ म्हणाला.

बायनाबाईला हसू फुटलं, हसता हसता टाके दुखले, आणि दुखता दुखता डोळ्यांतून पाणी आलं. हसवू नगा, मरते मी, म्हणाली. गहिनीनाथही हसायला गेला, पण त्याचं तोंड भलतीकडंच वाकडं झालं आणि तो तिथंच, सगळ्या वॉर्डासमोर, रडायला लागला. आश्रुबा उठला. खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यानं घडी मोडली आणि दाजींच्या हातात दिला. कुणाकुणाच्या लग्नांतून फिरून आलेल्या त्या टॉवेलानं पहिल्यांदाच कुणीतरी तोंड पुसलं.